‘विकत घेणे’ आणि ‘वापरू देणे’ : अंकीय खेळांच्या प्रादेशिक किमती व निर्बंध

व्हिडिओ गेमसारखा विषय भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने विवेचनासाठी घ्यावा, हे काही वाचकांस विचित्र वाटण्याचा संभव आहे. तथापि सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांतील महाविद्यालयीन विद्यार्थी आपल्या हातखर्चाचा काही भाग ज्या व्यवहारावर खर्च करतात, तो व्यवहार नेमका कोणत्या जातीचा आहे हे त्यांना ज्या शब्दांतून कळावयाचे, ते शब्दच संदिग्ध आहेत. ‘विकत घेतला’ असे ग्राहक म्हणतो. ‘परवाना दिला’ असे करारपत्र म्हणते. आणि न्यायालये प्रसंगपरत्वे कधी पहिला, कधी दुसरा शब्द मान्य करतात. शब्दाच्या या अनिश्चिततेवर ग्राहकाचा हक्क अवलंबून असल्यामुळे हा प्रश्न केवळ बाजाराचा राहत नाही. प्रस्तुत लेखात प्रथम प्रादेशिक किमतीची रीत काय आहे, ती कोणत्या कारणांनी निर्माण झाली व ती टिकविण्यासाठी कोणते निर्बंध घालावे लागतात हे सांगून, नंतर तिच्या शब्दव्यवहाराचा विचार करावयाचा आहे. पैसे लावून खेळावयाचे खेळ, ज्यांवर २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्र शासनाने कायद्याने बंदी घातली, ते या विवेचनाच्या कक्षेबाहेरचे आहेत.

१. एक वस्तू, अनेक किमती

संगणकावरील खेळांची सर्वांत मोठी अंकीय पेठ म्हणजे अमेरिकेतील व्हॉल्व्ह या कंपनीने २००३ साली उघडलेली ‘स्टीम’. आरंभीची अनेक वर्षे भारतीय ग्राहकास तेथे डॉलरमध्येच किंमत द्यावी लागे. २०१५ च्या अखेरीस तेथे रुपयांत किमती दिसू लागल्या. चलन बदलले एवढाच या घटनेचा अर्थ नव्हता. डॉलरमधील किमतीस विनिमयदराने गुणून जो आकडा येतो, त्याहून वेगळा आणि पुष्कळदा बराच कमी आकडा रुपयांत ठेवण्याची सोय खेळाच्या प्रकाशकास त्यामुळे मिळाली. आज या पेठेत पस्तीसहून अधिक चलने चालतात. प्रत्येक चलनासाठी किती किंमत ठेवावी याविषयी पेठेचा मालक प्रकाशकांना एक शिफारस-कोष्टक देतो. ते मान्य करावयाचे की नाही हे प्रकाशक ठरवितो. म्हणूनच एखादा खेळ भारतात अमेरिकेच्या निम्म्या किमतीत मिळतो, तर दुसरा जवळजवळ तेवढ्याच.

अर्थशास्त्रात या रीतीस मूल्यभेद म्हणतात. आर्थर पिगू यांनी १९२० साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात मूल्यभेदाचे तीन प्रकार सांगितले. त्यांपैकी तिसरा, म्हणजे ग्राहकांचे गट पाडून प्रत्येक गटास निराळी किंमत लावणे, हा प्रस्तुत व्यवहारास लागू पडतो. त्यासाठी तीन गोष्टी आवश्यक असतात. विक्रेत्याच्या हाती किंमत ठरविण्याची काही सत्ता असली पाहिजे. निरनिराळ्या गटांची ऐपत व निकड निरनिराळी असली पाहिजे. आणि स्वस्त गटातील ग्राहकास ती वस्तू महाग गटातील ग्राहकास विकता येता कामा नये. पहिल्या दोन गोष्टी जगात जागोजागी आढळतात. खरा अडसर तिसरीचा असतो.

एक काल्पनिक हिशेब घेऊ. एका खेळाची किंमत साठ डॉलर आहे व डॉलरचा भाव पंच्याऐंशी रुपये आहे असे मानले, तर सरळ रूपांतराने ती ५,१०० रुपये होईल. एवढी किंमत देणारे एखाद्या शहरात दहाच निघाले, तर ५१,००० रुपये जमतील. तोच खेळ १,५०० रुपयांस ठेवल्यास चाळीस ग्राहक मिळाले, तर ६०,००० रुपये जमतील. कापड किंवा गूळ विकणाऱ्यास हा दुसरा मार्ग सहसा परवडत नाही, कारण प्रत्येक वाढीव नगामागे त्याला कच्चा माल व मजुरी खर्च करावी लागते. अंकीय खेळाची निर्मिती अतिशय खर्चाची असली, तरी एकदा तो तयार झाला म्हणजे त्याची आणखी एक प्रत देण्यास लागणारा खर्च जवळजवळ शून्य असतो. म्हणून कमी किंमत लावून ग्राहकसंख्या वाढविणे हे विक्रेत्याच्या हिताचे ठरते. त्यात औदार्य नाही, तसाच अन्यायही गृहीत धरण्याचे कारण नाही. मात्र हा हिशेब जमावयाचा, तर १,५०० रुपयांची प्रत न्यूयॉर्कच्या ग्राहकाच्या हाती जाता कामा नये. येथून निर्बंधांचा आरंभ होतो.

२. भिंत कशी बांधली जाते

स्वस्त प्रत महाग प्रदेशात जाऊ नये यासाठी विक्रेते चार प्रकारचे उपाय योजतात. पहिला उपाय ग्राहकाच्या खात्यास एका देशाशी जखडण्याचा. भारतीय बँकेचे कार्ड किंवा यूपीआय ही केवळ पैसे देण्याची साधने राहत नाहीत. ग्राहक भारतातील आहे याचा तो दाखला ठरतो. देश बदलावयाचा झाल्यास नव्या देशातील देयक-साधनाने खरेदी करावी लागते, आणि स्टीमवर हा बदल तीन महिन्यांतून एकदाच करता येतो. दुसरा उपाय भेटवस्तूंसंबंधीचा. दोन देशांतील किमतींत फार अंतर असल्यास एका देशातील ग्राहक दुसऱ्या देशातील मित्रास तो खेळ भेट म्हणून पाठवू शकत नाही. कऱ्हाडच्या विद्यार्थ्यास अमेरिकेतील आपल्या चुलतभावाला वाढदिवसाचा खेळ पाठविता येत नाही, याचे कारण हे होय. तिसरा उपाय सक्रियनाचा. ज्या अक्षरांकांच्या साखळीस खेळणारे ‘की’ म्हणतात, ती ठरावीक देशांतच उघडेल अशी व्यवस्था केलेली असते. चौथा व सर्वांत कठोर उपाय म्हणजे काही देशांत तो खेळ विक्रीसच न ठेवणे. २०२४ च्या मे महिन्यात ‘हेलडायव्हर्स २’ या खेळासाठी सोनी कंपनीचे खाते जोडणे सक्तीचे करण्याचे जाहीर झाले. ज्या देशांत असे खाते उघडण्याची सोयच नव्हती, अशा पावणेदोनशेहून अधिक देश-प्रदेशांत त्याची विक्री थांबली. ग्राहकांच्या विरोधामुळे सक्ती मागे घेण्यात आली. तरी विक्रीवरील बंदी तत्काळ उठली नाही.

ही भिंत अंकीय युगाने शोधून काढलेली नाही. चित्रपटांच्या डीव्हीडीसाठी जगाचे विभाग पाडण्यात आले, तेव्हा भारत पाचव्या विभागात गेला. पहिल्या विभागातील अमेरिकन तबकडी येथील यंत्रावर चालू नये अशी ती योजना होती. परंतु आपल्या वाचकांस अधिक जवळचे उदाहरण ग्रंथांचे आहे. परदेशी पाठ्यपुस्तकांच्या स्वस्त आवृत्तीच्या मलपृष्ठावर ही प्रत केवळ भारतीय उपखंडात विक्रीसाठी असल्याची सूचना छापलेली असते. १९६० नंतर ब्रिटिश शासनाच्या साहाय्याने निघणाऱ्या ‘ई. एल. बी. एस.’ मालिकेतील पुस्तके अशाच विचाराने अल्प किमतीत भारतात येत असत, आणि आपल्या विद्यापीठीय पिढ्यांनी ती वापरली आहेत. प्रादेशिक किंमत व प्रादेशिक निर्बंध ही जोडगोळी आपल्या ग्रंथालयांच्या फळ्यांवर फार पूर्वीपासून बसलेली आहे.

ग्रंथांच्या बाबतीत ही भिंत एका ठिकाणी कोसळली. अमेरिकेत शिकणारा थायलंडचा एक विद्यार्थी मायदेशातील आप्तांकडून तेथील स्वस्त आवृत्त्या मागवून अमेरिकेत विकीत असे. जॉन वायली या प्रकाशनसंस्थेने त्याच्यावर दावा लावला. २०१३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी असा निर्णय दिला की, कायदेशीरपणे तयार झालेली व एकदा विकली गेलेली प्रत, ती जगात कोठेही छापलेली असो, पुन्हा विकण्यास मालकास मोकळीक आहे. भारतातही लेखाधिकार कायद्याच्या दुरुस्तीच्या वेळी समांतर आयातीस वाट करून देणारे एक परंतुक २०१० च्या विधेयकात होते. २०१२ साली कायदा संमत होताना ते वगळण्यात आले. या सर्व वादांत एक गोष्ट गृहीत होती : प्रत विकली गेली आहे आणि तिला मालक आहे. अंकीय खेळाच्या बाबतीत नेमके हेच गृहीत काढून घेतले जाते.

३. कृष्णाकाठची झोनबंदी

निर्बंधाची कल्पना समजण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. सातारा-सांगली भागातील ऊस उत्पादकाच्या बोलीत ‘झोनबंदी’ हा शब्द चांगला रुळलेला आहे. महाराष्ट्र शासनाच्या १९८४ च्या आदेशाने प्रत्येक साखर कारखान्यास विशिष्ट क्षेत्र राखून देण्यात आले होते. त्या क्षेत्रातील ऊस त्याच कारखान्यास घालावा, असा त्याचा आशय होता. रेठरे बुद्रुक येथील कृष्णा कारखान्याचे सभासद सातारा जिल्ह्यातील कऱ्हाड व सांगली जिल्ह्यातील वाळवा अशा दोन्ही बाजूंस आहेत. म्हणजे कारखान्याची हद्द व जिल्ह्याची हद्द एक नव्हती. शेतकरी संघटनेने या बंदीविरुद्ध आवाज उठविला, आणि १९९७ मध्ये क्षेत्रबंधन उठले. बंदीची प्रवृत्ती मात्र पूर्णपणे ओसरली नाही. २०२३ च्या सप्टेंबरात राज्याबाहेर ऊस नेण्यास शासनाने मनाई केली आणि शेतकऱ्यांच्या विरोधानंतर त्याच महिन्यात ती मागे घेतली. कर्नाटकाच्या सीमेलगतच्या तालुक्यांत या मनाईचा अर्थ कोणास समजावून सांगावा लागला नाही.

या दोन बंदींची तुलना उद्बोधक आहे. ऊस हा विकणाऱ्यास जखडणारा व्यवहार होता. खेळ हा घेणाऱ्यास जखडणारा व्यवहार आहे. पहिल्यात एकच गिऱ्हाईक व अनेक विक्रेते, दुसऱ्यात एकच विक्रेता व अनेक गिऱ्हाइके. परंतु समर्थनाची भाषा दोहोंकडे एकच आहे : ही भिंत दुबळ्याच्या हितासाठीच आहे. कारखान्यास उसाची हमी मिळाली तरच तो टिकेल व सभासदांस दर देईल, असे तेव्हा सांगितले जाई. निर्यात रोखली तरच भारतीय ग्राहकास स्वस्त खेळ मिळेल, असे आता सांगितले जाते. दोन्ही विधानांत तथ्यांश आहे, आणि दोन्ही विधाने बहुधा बलवान पक्षाच्या मुखातून येतात, हेही खरे.

एक महत्त्वाचा भेद मात्र नजरेआड करता येणार नाही. झोनबंदीचा आदेश राजपत्रात छापलेला होता. त्याविरुद्ध विधिमंडळात बोलता येत होते, न्यायालयात जाता येत होते, रस्त्यावर बसता येत होते. खेळाची प्रदेशबंदी एका खाजगी करारात असते. तो करार ग्राहक न वाचता मान्य करतो, आणि तो वाचावयाचा म्हटले तरी मराठीत उपलब्ध नसतो. स्टीमचा ग्राहक जी भाषा आपल्या खात्यासाठी निवडू शकतो, त्या भाषांत मराठी नाही. भारतास रुपयाने प्रदेश म्हणून मान्यता मिळाली. भाषेने मिळालेली नाही.

४. भिंत गळू लागली म्हणजे

निर्बंध नसले तर किंमत कोठे जाते, हे दोन अनुभवांवरून पाहता येते. तुर्कस्तान व अर्जेंटिना या देशांत स्थानिक चलनांची घसरण झाल्यामुळे स्टीमवरील तेथील किमती इतरांच्या मानाने फारच खाली आल्या. अन्य देशांतील अनेकांनी आपण त्या देशांत असल्याचा बहाणा करून तेथून खरेदी सुरू केली. २० नोव्हेंबर २०२३ पासून स्टीमने त्या दोन्ही देशांतील स्थानिक चलने बंद करून डॉलरमधील प्रादेशिक किमती लागू केल्या. चलनाच्या अस्थैर्यामुळे प्रकाशकांना किंमत ठरविणे कठीण जाते, हे अधिकृत कारण होते. परिणाम असा झाला की, तेथील प्रामाणिक ग्राहकांसाठी अनेक खेळ एकाएकी महागले. परक्यांनी भिंतीला पाडलेल्या भगदाडाची किंमत काही अंशी भिंतीच्या आतील रहिवाशांनी मोजली, असे म्हणता येईल.

युरोपातील अनुभव निराळा आहे. पोलंड, चेकिया, हंगेरी, रुमानिया, स्लोव्हाकिया व बाल्टिक राज्ये येथे विकलेल्या सुमारे शंभर खेळांच्या ‘की’ पश्चिमेकडील देशांत चालू नयेत, अशी व्यवस्था व्हॉल्व्ह व पाच प्रकाशकांनी केली होती. एकाच बाजारपेठेचे असे तुकडे पाडणे स्पर्धेच्या कायद्याविरुद्ध आहे असे ठरवून युरोपीय आयोगाने २०२१ च्या जानेवारीत त्या सर्वांना मिळून ७८ लक्ष युरो दंड केला. व्हॉल्व्हच्या वाट्यास त्यापैकी सोळा लक्षांहून थोडा अधिक आला. २०२३ च्या सप्टेंबरात तेथील सामान्य न्यायालयाने तो निर्णय कायम केला. लेखाधिकार हा मालकास आपल्या कृतीचा व्यापारी उपयोग करण्याचे संरक्षण देतो. शक्य तेवढी उच्चतम प्राप्ती होईलच, अशी हमी देत नाही, हा त्या निर्णयातील विचार लक्षात ठेवण्याजोगा आहे.

या दोन अनुभवांची सांगड घातली म्हणजे आपल्या विद्यार्थ्यासमोरचा पेच स्पष्ट होतो. स्वस्त किंमत आणि पुनर्विक्रीचे स्वातंत्र्य ही दोन्ही त्याला हवी आहेत; परंतु बाजाराच्या रचनेत एकाची किंमत दुसऱ्याने मोजावी लागते. युरोपीय संघात सत्तावीस देशांच्या ऐपतीतील अंतर मर्यादित आहे व त्यांच्यावर एक सामायिक न्यायसत्ता आहे. भारत व अमेरिका यांच्यात या दोहोंपैकी एकही गोष्ट नाही. म्हणून युरोपातील निर्णयाचे अनुकरण येथे केल्यास ग्राहकाचा लाभच होईल, असे गृहीत धरणे घाईचे ठरेल.

विक्रेत्याने बांधलेल्या भिंतीशेजारी शासनाने बांधलेली भिंतही असते. २०२० च्या सप्टेंबरात ‘पबजी मोबाइल’वर भारत शासनाने बंदी घातली. २०२१ च्या जुलैमध्ये त्याच खेळाची ‘बीजीएमआय’ नावाची केवळ भारतासाठी असलेली आवृत्ती आली. २०२२ च्या जुलैमध्ये ती दुकानांतून दिसेनाशी झाली, आणि २०२३ च्या मे महिन्यात परतली. एकच खेळ निरनिराळ्या नावांनी व निरनिराळ्या हद्दींत वावरताना आपल्या भागातील तरुणांनी पाहिला आहे. ‘प्रदेश’ या शब्दात ‘दिश्’ म्हणजे दाखविणे हा धातू आहे. प्रदेश म्हणजे कोणीतरी दाखवून दिलेली जागा. सांगली जिल्हा १९४९ मध्ये ‘दक्षिण सातारा’ या नावाने निर्माण झाला व १९६० मध्ये त्यास आजचे नाव मिळाले. त्यापूर्वी सांगली, मिरज, जत, औंध ही संस्थाने व ब्रिटिश अमलातील सातारा जिल्हा यांच्या हद्दी एकमेकींत गुंतलेल्या होत्या. बोलीची सीमा गावोगाव हळूहळू बदलत जाते; जत तालुक्यात मराठी कोठे संपते व कानडी कोठे सुरू होते हे रेघ ओढून सांगता येत नाही. किमतीची सीमा मात्र रेघेनेच ठरते, आणि ती रेघ ज्याच्या हाती लेखणी आहे तो ओढतो.

५. शब्दाचा प्रश्न

आता मूळ मुद्द्याकडे वळू. आपल्या १९३० च्या मालविक्री अधिनियमाप्रमाणे विक्री म्हणजे किंमत घेऊन मालावरील स्वामित्व हस्तांतरित करणे. अंकीय खेळाच्या करारात मात्र स्वामित्व हस्तांतरित होत नाही, केवळ वापराची अनुज्ञा मिळते, असे स्पष्ट लिहिलेले असते. मग दुकानाच्या कळीवर ‘खरेदी करा’ या अर्थाचा शब्द का? अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने २०२४ मध्ये केलेला व १ जानेवारी २०२५ पासून अमलात आलेला कायदा नेमका या शब्दावर बोट ठेवतो. ग्राहकास केवळ परवाना मिळत आहे हे ठळकपणे सांगितल्यावाचून ‘विकत घ्या’ यासारखे शब्द वापरण्यास त्याने मनाई केली आहे. तो अमलात येण्यापूर्वीच, २०२४ च्या ऑक्टोबरात, स्टीमच्या खरेदी-यादीखाली तशी सूचना दिसू लागली.

न्यायालयांची भूमिका एकसारखी नाही. युरोपीय न्यायालयाने २०१२ साली संगणकीय कार्यक्रमाच्या उतरवून घेतलेल्या प्रतीचीही पुनर्विक्री होऊ शकते असे म्हटले. २०१९ साली ई-पुस्तकांच्या बाबतीत मात्र तसे मानण्यास नकार दिला. स्टीमवरील खेळ पुन्हा विकण्याचा हक्क पॅरिसच्या न्यायालयाने २०१९ मध्ये मान्य केला; अपील न्यायालयाने २०२२ मध्ये तो निर्णय फिरविला. भारतातील स्थिती आणखी कुतूहलजनक आहे. तयार स्वरूपातील सॉफ्टवेअर हा ‘माल’ होय, असे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये विक्रीकराच्या प्रकरणात ठरविले. २०२१ च्या मार्चमध्ये आयकराच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने म्हटले की, करारपत्रात ‘परवाना’ हा शब्द असला, तरी अंतिम वापर करणाऱ्याने असे सॉफ्टवेअर घेणे हा वस्तुतः मालाच्या विक्रीचाच व्यवहार आहे. हे निर्णय करासंबंधी असून ग्राहकाच्या पुनर्विक्रीच्या हक्कासंबंधी नाहीत, हे विसरता कामा नये. तरीही एकाच कृतीस कर आकारताना ‘विक्री’ व हक्क देताना ‘परवाना’ म्हणावयाचे, ही विसंगती शब्दार्थाच्या अभ्यासकास दुर्लक्षिता येणार नाही.

या बाबतीत मराठी भाषकाची स्वाभाविक जाण कराराच्या भाषेपेक्षा सूक्ष्म आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. इंग्रजीत जेथे एका क्रियापदाने भागते, तेथे मराठीत स्वामित्वाच्या अनेक छटा विभक्ती व शब्दयोगी अव्यये यांनी दाखविल्या जातात. ‘मला दोन भाऊ आहेत’ हे नात्याचे. ‘माझ्याजवळ पैसे आहेत’ हे सान्निध्याचे. ‘माझ्याकडे गाडी आहे’ हे ताब्याचे. ‘शेत माझ्या नावावर आहे’ हे नोंदलेल्या हक्काचे. आपले विद्यार्थी खेळाविषयी कसे बोलतात पाहा. ‘तो गेम माझ्याकडे आहे’, ‘माझ्या खात्यावर आहे’ असे ते म्हणतात. ‘माझ्या नावावर आहे’ असे म्हणत नाहीत. घेताना ‘विकत’ शब्द वापरणारा हाच बोलणारा, घेतल्यानंतर मात्र ताब्याची रूपे योजतो. व्याकरणाने जे जाणले, ते कोशाने अद्याप नोंदलेले नाही.

मराठी महसुली परिभाषेत तर या स्थितीस अगदी जुळणारा शब्द तयारच आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिच्या २९ व्या कलमान्वये भोगवटादारांचे वर्ग आहेत. वर्ग एकचा भोगवटादार जमीन कायम धारण करतो व ती हस्तांतरित करू शकतो. वर्ग दोनचा भोगवटादारही ती कायम धारण करतो, परंतु तिच्या हस्तांतरणावर निर्बंध असतात. सातबाराच्या उताऱ्यावर ‘वर्ग २’ असे लिहिलेले दिसले म्हणजे जमीन घेणारा खटाव-खानापूरचा कोणताही शेतकरी सावध होतो. अंकीय खेळ घेणारा विद्यार्थी हा आपल्या खेळाचा वर्ग दोनचा भोगवटादार आहे. किंबहुना त्याहूनही दुबळा, कारण शेतकऱ्यास निदान जिल्हाधिकाऱ्याकडे परवानगी मागता येते. सातबारा आपल्या धन्यास जे सांगतो, ते दुकानाची कळ आपल्या ग्राहकास सांगत नाही.

६. समारोप

वरील विवेचनातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, प्रादेशिक किंमत व प्रादेशिक निर्बंध ही एकाच व्यवस्थेची दोन अंगे आहेत. एकाचे स्वागत व दुसऱ्याचा निषेध एकाच श्वासात करणे तर्कदृष्ट्या अवघड आहे. निषेध करावयाचा असेल तर तो निर्बंधांच्या एकतर्फीपणाचा करावा. खेळ खात्यातून काढून घेणे, राहण्याचा देश बदलल्यास तो बंद पाडणे किंवा घरातील दुसऱ्या व्यक्तीस वारशाने न देणे, या गोष्टी मूल्यभेद टिकविण्यासाठी आवश्यक आहेत असे दिसत नाही. सांगलीचा पदवीधर नोकरीसाठी जर्मनीस गेला, तर त्याने येथे रुपये मोजून घेतलेला संग्रह त्याच्याबरोबर गेला पाहिजे. त्यामुळे कोणाच्याही महाग बाजारपेठेची लूट होत नाही.

दुसरी, या व्यवहारासाठी मराठीत प्रामाणिक शब्द योजणे अगत्याचे आहे. ‘परवाना’ हा शब्द आपल्याकडे सरकारी परवानगीशी निगडित झालेला असल्यामुळे येथे दिशाभूल करतो. ‘वापरहक्क घेणे’ हा शब्दप्रयोग सोपा, पारदर्शक व व्यवहारास अनुरूप आहे. पुनर्विक्रीस मोकळीक असेल तेथेच ‘विकत घेणे’ म्हणावे. परिभाषा तयार करणाऱ्या संस्था व ग्राहकहिताचे कायदे मराठीत आणणारे अनुवादक यांनी हा भेद पाळल्यास पुष्कळ संदिग्धता टळेल. भारतीय ग्राहकासाठीचे करारपत्र भारतीय भाषांत मिळावे, ही मागणीही रुपयांतील किमतीच्या मागणीइतकीच रास्त आहे.

तिसरी गोष्ट अभ्यासाची. स्वामित्वदर्शक रूपांचा विचार मराठी व्याकरणांत विभक्तीच्या प्रकरणात येतो व तेथेच संपतो. गाणी, पुस्तके, खेळ, खात्यांतील रकमा अशा स्पर्शास न येणाऱ्या वस्तूंच्या संदर्भात ‘-कडे’, ‘-जवळ’, ‘नावावर’, ‘खात्यावर’ ही रूपे कशी वाटली जातात, सातारी व सांगली भागातील बोलणाऱ्यांत वयपरत्वे त्यांत काय फरक पडतो, याचे क्षेत्रीय संकलन पदव्युत्तर विद्यार्थ्यांस एका सत्रात करण्यासारखे आहे. त्यासाठी लागणारी सामग्री वसतिगृहाच्या प्रत्येक खोलीत आहे.